अटल बोगद्यापलीकडे लाहौल आहे, स्पिती नव्हे

गेल्या डिसेंबरात इंदूरच्या आमच्या रामबागेतील एक कुटुंब मनालीहून परतले आणि भेटेल त्याला ‘आम्ही स्पिती करून आलो’ असे सांगू लागले. मी फोटो पाहिले. अटल बोगद्याचे पलीकडचे तोंड, सिस्सूचा धबधबा, भाड्याचे बर्फाचे डगले, आणि परतीच्या वाटेवर पुन्हा तोच बोगदा. त्यातला एकही फोटो स्पितीचा नव्हता. दोष त्या कुटुंबाचा नाही, कारण सहलवाल्याने दिलेल्या कागदावरच ‘स्पिती दर्शन’ असे ठळक छापलेले होते. हाच घोटाळा मी इतक्या घरांतून ऐकला आहे की आता तो सविस्तर लिहून काढणे मला आवश्यक वाटते.

मनाली आपल्या लोकांना पाठ आहे, त्यामुळे तिच्यावर वेळ घालवत नाही. 3 ऑक्टोबर 2020 रोजी रोहतांग खिंडीच्या पोटातून जाणारा नऊ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला. तोवर हिवाळ्यात रोहतांग बंद झाली की पलीकडचा मुलूख सुमारे सहा महिने तुटलेला असे; आता मनालीहून तासा-दीड तासात सिस्सू येते. हा पलीकडचा मुलूख म्हणजे लाहौल. चंद्रा आणि भागा या दोन नद्यांचे हे खोरे आहे आणि तांदी येथे त्या दोघी मिळून चंद्रभागा, म्हणजेच चिनाब होते.

गोंधळाचे मूळ जिल्ह्याच्या नावात आहे. ‘लाहौल-स्पिती’ हा जिल्हा 1960 मध्ये पंजाबात निर्माण झाला आणि 1966 मध्ये हिमाचलात आला. एका जोडरेघेने दोन मुलूख कागदावर एकत्र आले एवढेच. त्याआधी लाहौल कुल्लूच्या राजांकडे होता आणि स्पिती 1846 पर्यंत लडाखच्या सत्तेखाली होती. जिल्ह्याचे ठाणे केलाँगला, म्हणजे लाहौलमध्ये आहे; स्पितीचा कारभार काझाहून चालतो. भाषाही निराळ्या: स्पितीत तिबेटी वळणाची भोटी, तर लाहौलमध्ये एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात गेले की बोली बदलते.

परंतु हे सर्व भेद एखाद्याला ठाऊक नसले तरी त्याची सहल बिघडत नाही. सहल बिघडते ती कुंझुम खिंड ठाऊक नसल्याने. लाहौल आणि स्पिती यांच्यामध्ये सुमारे साडेचार हजार मीटर उंचीची ही खिंड उभी आहे, आणि अटल बोगदा तिच्या जवळपासही जात नाही. आपण इंदूरकरांनी ही गोष्ट जानापावच्या डोंगरावर उभे राहून समजून घ्यावी. तेथे एका उताराचे पाणी चंबळीत उतरून यमुनेकडे जाते आणि दुसऱ्या उताराचे नर्मदेकडे. कुंझुमही तशीच पाणी विभागणारी आहे: पश्चिमेचे पाणी चंद्रेत जाते, पूर्वेचे स्पिती नदीत, आणि ती पुढे शेजारच्या किन्नौर जिल्ह्यात खाब येथे सतलजला मिळते. खिंडीवर विभागलेले हे पाणी पुन्हा एकत्र येते ते थेट पाकिस्तानात, चिनाब आणि सतलज यांच्या संगमावर. फरक इतकाच की जानापाव आपण बारा महिने चढू शकतो. कुंझुम मात्र बहुधा जूनच्या आसपास उघडते आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात बर्फाखाली जाते. म्हणून बोगदा बारमाही झाला तो लाहौलसाठी. डिसेंबरात मनालीहून स्पिती दाखवण्याचे वचन कोणी देत असेल, तर ते त्याला पाळता येणार नाही.

उन्हाळ्यातही बोगदा ओलांडला की स्पिती आली असे होत नाही. सिस्सूच्या उलट दिशेला कोकसर, मग ग्रांफू, आणि तेथून काझापर्यंत सुमारे 140 किलोमीटर. यातला बातलपर्यंतचा टप्पा दगडगोट्यांचा आहे, रस्त्यावरून वितळलेल्या बर्फाचे ओढे वाहतात, आणि दुपारी पाणी वाढते म्हणून पहाटे निघावे लागते. पूर्ण दिवस जातो. कुंझुमच्या माथ्यावर पताकांनी वेढलेले स्तूप आणि देवीचे मंदिर आहे. चालक गाडीसह मंदिराला प्रदक्षिणा घालतो आणि मगच पुढचा उतार धरतो. वारा इतका असतो की दार उघडताना ते दोन्ही हातांनी धरावे लागते, आणि चार पावले टाकली की बोलणे थांबते, कारण श्वास पुरत नाही.

हा श्वासच खरा मुद्दा आहे. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, मनाली दोन हजारांवर. मनालीहून निघून त्याच दिवशी कुंझुम ओलांडणारा आणि काझाला साडेतीन हजारांहून अधिक उंचीवर झोपणारा माणूस शरीराला सवयीसाठी एक रात्रही देत नाही. त्याहून वाईट म्हणजे पहिलाच मुक्काम चंद्रतालजवळच्या तंबूत, चार हजार मीटरच्या वर ठेवणे. तलाव अतिशय सुंदर आहे याबद्दल वाद नाही, परंतु विरळ हवेचा त्रास रात्री वाढतो आणि तेथून खाली उतरण्यास अंधारात तोच ओबडधोबड रस्ता असतो. साठीच्या आई-वडिलांना आणि लहान मुलांना असा कार्यक्रम आखून देणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. माझे मत ठाम आहे: स्पितीत सिमल्याकडून शिरावे. नारकंडा, कल्पा, ताबो असे मुक्काम करत गेले की उंची हळूहळू वाढते, आणि सवय झाल्यावर शेवटी चंद्रताल करून कुंझुममार्गे मनालीला उतरावे. हिवाळ्यातही हाच सिमल्याहून किन्नौरमार्गे येणारा रस्ता काझापर्यंत बहुतेक वेळ चालू असतो, जरी काझाचे तापमान तेव्हा उणे 20 च्याही खाली उतरते. (वाटेतले नाको गाव स्पितीत मोजण्याची पद्धत आहे, परंतु ते किन्नौरमध्ये आहे.)

पाहण्यासारखे म्हणाल, तर दोन्हीकडे भरपूर आहे आणि त्यात गोंधळण्यासारखे काही नाही. स्पितीत ‘की’ नावाचा गोंपा (बौद्ध मठ), ढंखर, लांगझा, पिन खोरे. पण माझा जीव ताबोच्या मठात अडकला आहे. 996 साली स्थापन झालेला हा मठ बाहेरून मातीच्या बुटक्या भिंतींचा दिसतो, आणि लोक दहा मिनिटांत बाहेर पडतात. आत अंधार असतो. डोळे सरावेपर्यंत थांबले की भिंतींवरून मातीच्या मूर्ती पुढे आलेल्या दिसू लागतात, मग त्यांच्या खालची चित्रे, मग त्या चित्रांतले लाल आणि निळे रंग. हजार वर्षांचे काम आहे. त्याला अर्धा तास तरी द्यावा.

लाहौलला सिस्सूपुरते आटोपणे हाही अन्यायच आहे. त्रिलोकनाथच्या मंदिरातील एकाच संगमरवरी मूर्तीला हिंदू शिव म्हणून आणि बौद्ध अवलोकितेश्वर म्हणून पुजतात, आणि उदयपूरच्या मृकुला देवीच्या मंदिरातले लाकडी कोरीवकाम पाहायला तर आपल्याकडचे फारच थोडे जातात. हाताशी चार-पाच दिवस असतील तर लाहौलच करावा, केलाँगला राहून नीट करावा, आणि परत आल्यावर लाहौल केला असेच सांगावे. स्पितीसाठी किमान नऊ दिवस लागतात. आणि उच्चार ‘स्पिटी’ असा नाही. तेथले लोक ‘पिती’ म्हणतात, अर्थ मधला प्रदेश.

पैसे भरण्यापूर्वी सहलवाल्याला दोनच गोष्टी विचारा: कुंझुम ओलांडणार आहात का, आणि कोणत्या दिशेने. त्याने उत्तरात पुन्हा अटल बोगद्याचेच वर्णन सुरू केले, तर तुमचे तिकीट सिस्सूचे आहे.