स्वयंसाक्षांकन

स्वयंसाक्षांकन : कागदपत्राची छायाप्रत मूळ कागदाबरहुकूम असल्याचे अर्जदाराने स्वतःच्या सहीने प्रमाणित करणे.

पूर्वी ही सही राजपत्रित अधिकाऱ्याची किंवा विशेष कार्यकारी अधिकाऱ्याची लागे. महाविद्यालयातला प्रवेश असो वा नोकरीचा अर्ज, गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला यांच्या प्रत्येक झेरॉक्सवर ‘सत्यप्रत’ असा शिक्का हवा असे. ज्यांच्या नात्यात वा ओळखीत असा अधिकारी असे, त्यांचे काम घरबसल्या होई. शेतमजुराच्या मुलीला मात्र त्याच सहीसाठी मजुरी बुडवून तालुक्याला खेटे घालावे लागत. हा अन्याय होता आणि त्यातून सुरक्षितताही फारशी साधत नव्हती. सही करणारा केवळ प्रत आणि मूळ कागद ताडून पाही. मूळ कागदच बनावट असेल, तर ते ओळखण्याचे साधन त्याच्याकडे नसे. कागद आणणारी व्यक्ती तीच आहे का, हेही त्या शिक्क्याने ठरत नसे. मूळ कागद खरा असल्याची खात्री तो देणाऱ्या मंडळाच्या वा विद्यापीठाच्या नोंदवहीतूनच होऊ शकते.

दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने स्वयंप्रमाणनाची शिफारस केली होती. महाराष्ट्रात सामान्य प्रशासन विभागाच्या मार्च २०१५ मधील शासन निर्णयाने स्वयंसाक्षांकित प्रती ग्राह्य धरल्या. कायद्याने प्रतिज्ञापत्र आवश्यक नसेल, तेथे साध्या कागदावरचे स्वयंघोषणापत्र पुरेसे ठरले. त्यामुळे मुद्रांकाचा खर्चही वाचला. नागरिक खरे बोलतो असे धरून चालायचे आणि खोटे निघाल्यास कारवाई करायची, अशी ही रचना आहे. खोट्या घोषणेला भारतीय दंड संहितेची १९९ व २०० ही कलमे लागत. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आहे.

विश्वास ठेवला म्हणून तपासणी सुटत नाही. निवड झाल्यावर मूळ कागद दाखवावेच लागतात. राखीव जागेसाठी तर जातीच्या दाखल्याची पडताळणी स्वतंत्र समिती करते. गरज भासल्यास तिचे दक्षता पथक घरी आणि शाळेत जाऊन आजोबा-पणजोबांच्या जुन्या नोंदी तपासते. २०१५ मध्ये सुरू झालेल्या डिजिलॉकर या सरकारी ऑनलाइन कागदपत्र-पेटीत दाखला देणाऱ्या संस्थेकडूनच थेट येतो, त्यामुळे तेथे प्रत आणि मूळ यांत फरक उरत नाही.

परदेशी शिक्षण किंवा नोकरीसाठी स्वतःची सही चालत नाही. परदेशी कागदपत्रांना मान्यता देणे सोपे करणाऱ्या हेग कराराच्या सदस्य देशांकरिता परराष्ट्र मंत्रालयाचे अपॉस्टिल, म्हणजे कागदावरील सही-शिक्का खरा असल्याचे प्रमाणपत्र, घ्यावे लागते; भारतात हा करार २००५ पासून लागू आहे.