बिबियाना: वायूक्षेत्राचा सगळा खेळ दाबाचा

बांगलादेशच्या ईशान्येला, हबीगंज जिल्ह्यातल्या नबीगंज उपजिल्ह्यात, भातशेतीच्या मधोमध बिबियाना हे वायूक्षेत्र आहे. त्या देशाच्या जमिनीतून निघणाऱ्या नैसर्गिक वायूपैकी जवळपास निम्मा वायू गेली कित्येक वर्षं इथूनच येतोय. युनोकल या अमेरिकी कंपनीला १९९८ मध्ये तो सापडला. २००५ मध्ये शेव्हरॉनने युनोकलच विकत घेतली आणि मार्च २००७ मध्ये उत्पादन सुरू झालं. २०१४ च्या विस्तारानंतर २६ विहिरींमधून दिवसाला १०० कोटी घनफुटांहून जास्त वायू निघू लागला. आपल्याकडच्या पाइप गॅसच्या बिलात घनमीटर असतात. त्या हिशेबात हे रोजचे २.८ कोटी घनमीटरच्या वर जातात. वायूची मालकी मात्र कंपनीची नाही. करार पेट्रोबांग्ला या बांगलादेशच्या सरकारी तेल-वायू कंपनीशी आहे: खर्च कंपनीने करायचा, तो निघालेल्या वायूतून वसूल करायचा आणि उरलेलं दोघांनी वाटून घ्यायचं.

साठा किती, हा प्रश्न वर्तमानपत्रांचा. विहिरीवर काम करणारा माणूस आधी दाब विचारतो. खोदताना तो जास्त झाला तर आग, आणि क्षेत्र म्हातारं झाल्यावर कमी पडला तर जमिनीखाली वायू असूनही विहीर बंद.

तीन हजार मीटर खोलीवरचा वाळूचा दगड घेऊ. पाण्याचा दाब दर दहा मीटरला साधारण एक बार (म्हणजे जवळपास हवेच्या नेहमीच्या दाबाइतका) वाढतो, म्हणजे तिथे सुमारे ३०० बार. दगडाच्या छिद्रांतला वायू वर उसळू नये म्हणून विहीर ‘मड’ने भरलेली ठेवतात. हे पाणी, चिकणमाती आणि वजनदार बराइट यांचं मिश्रण. मडची घनता लिटरला १.२ किलो ठेवली तर तळाशी ३५० बार मिळतात आणि वायू दबून राहतो. मड फार जड करूनही चालत नाही. मग दगडच फाटतो, मड भेगांत निघून जातं, विहिरीतली पातळी उतरते आणि ज्या वायूला दाबायचं होतं तोच मोकळा होतो.

वायू विहिरीत शिरला की त्याला ‘किक’ म्हणतात. पहिली खूण टाकीत दिसते: आत सोडलं त्यापेक्षा जास्त मड परत येतं. पंप बंद करून बघायचं. तरीही मड वाहत असेल तर शंका उरत नाही. विहिरीच्या तोंडावर ब्लोआउट प्रिव्हेंटर नावाची मोठी झडप असते; पाइपांचा जोड तिच्या रॅमसमोर, म्हणजे मिटणाऱ्या पोलादी जबड्यांसमोर, येणार नाही इतपत पाइप उचलायचे आणि ती मिटायची. मग पाइपावरचा दाब वाचायचा. तो २० बार आला तर तीन हजार मीटरला घनता ०.०७ ने वाढवायची, म्हणजे १.२० चं १.२७. हे मड तयार करून, चोकमधून (वाट कमी-जास्त करता येणाऱ्या अरुंद झडपेतून) वायू हळूहळू बाहेर सोडत, आत भरतात. दार लावून नुसतं बसणं घातक असतं. अडकलेला बुडबुडा वर सरकत राहतो आणि प्रसरण पावायला जागा न मिळाल्यामुळे तळाचा दाब जवळजवळ तसाच वर घेऊन येतो. उलट मोकळा सोडला, तर तळाशी एक घनमीटर असलेला वायू पृष्ठभागावर येईपर्यंत सुमारे अडीचशे घनमीटर होतो.

खरी अडचण उथळ वायूची. तो काही मिनिटांत वर पोचतो, आणि वरच्या थरांतला दगड इतका कच्चा असतो की विहीर मिटली तर वायू केसिंगच्या (विहिरीला आतून लावलेल्या पोलादी नळीच्या) बाहेरून, जमीन फोडून निघतो. म्हणून केसिंग कुठवर उतरवायची आणि तिच्यामागचं सिमेंट नीट बसलंय का, यावर सगळं ठरतं. सिलेट भागाने याची किंमत पुन्हा पुन्हा मोजली आहे. १९५५ मध्ये हरिपूरला वायू सापडला तोच ब्लोआउटसह, म्हणजे विहिरीतून बेकाबू उसळत. १४ जून १९९७ ला ऑक्सिडेंटलची मागुरछडाची विहीर पेटली; शेजारच्या लावाछडाच्या जंगलाचा काही भाग जळाला आणि सिलेटकडे जाणारा लोहमार्गही तिच्या झळांतून सुटला नाही. २००५ मध्ये सुनामगंजमधल्या टेंगराटिलाला नायको या कॅनडियन कंपनीच्या हातून ७ जानेवारीला आणि पुन्हा २४ जूनला स्फोट झाला. दुसरा स्फोट पहिली विहीर काबूत आणण्यासाठी खोदलेल्या विहिरीत झाला, म्हणजे औषधानेच रोग वाढवला. गावच्या तळ्यांतून आणि शेतांतून पुढे कित्येक वर्षं बुडबुडे येत राहिले. कंपनीने धंद्यातल्या मान्य मानकांप्रमाणे काळजी घेतली नव्हती, असं आंतरराष्ट्रीय लवादाने २०२० मध्ये ठरवलं.

विहीर नीट झाली की रोजचं काम त्यामानाने शांत. इथला वायू स्वच्छ: ९५ टक्क्यांच्या वर मिथेन आणि गंधक जवळजवळ नाही, त्यामुळे आम्लवायू काढणारा महागडा विभाग लागत नाही. सेपरेटरमध्ये वायू, पाणी आणि कंडेन्सेट नावाचं हलकं तेल वेगळं होतं. या कंडेन्सेटपासून बांगलादेश पेट्रोल बनवतो, ही गोष्ट फारशी बोलली जात नाही.

वायूत उरलेली पाण्याची वाफ मात्र छळते. चोकमध्ये दाब उतरला की वायू गार होतो, ढोबळमानाने दर दहा बारला चार-पाच अंश. ७० बार दाबाला मिथेन आणि पाणी मिळून दहाएक अंशांखाली बर्फासारखा घट्ट हायड्रेट बनवतात. बाहेर उकाडा असतानाही पाइप आतून तुंबू शकतो, तो यामुळे. तिथे मिथेनॉल सोडतात किंवा चोकआधी वायू तापवतात. तुंबलेल्या पाइपाचा दाब एकाच बाजूने कधीही सोडायचा नाही: गोळा सुटला तर बंदुकीच्या गोळीसारखा जातो आणि पाइपाचं पुढचं वळण फोडतो. पाइपलाइनसाठी वायू कोरडा करायची एक रूढ पद्धत ग्लायकॉल या पाणी शोषणाऱ्या द्रवाची. उंच मनोऱ्यात वरून ग्लायकॉल, खालून वायू. ओलं ग्लायकॉल सुमारे २०० अंशांवर उकळून पुन्हा वापरतात. त्याहून तापवलं तर त्याचं विघटन होतं, आणि त्यात कंडेन्सेट मिसळलं तर फेस होऊन वायूबरोबर वाहून जातं.

आता बिबियानाचं दुसरं पर्व चालू आहे. दाब उतरला की विहिरीतला वायूचा वेग घटतो आणि ठरावीक वेगाखाली पाण्याचे थेंब वर जायचे थांबतात. ते तळाशी साचतात, त्यांचा भार वायूवर पडतो, वेग आणखी घटतो आणि विहीर स्वतःच गुदमरते. इलाज तीन: आत बारीक नळी घालून वेग वाढवायचा, फेस आणणारं रसायन सोडायचं, किंवा वर कॉम्प्रेसर बसवून विहिरीच्या तोंडाचा दाब कमी करायचा. तिसरा सगळ्यात परिणामकारक, पण ओढ वाढली की वाळूही सुटून वर येते आणि चोकची पोलादी नळी आतून खरवडून काढते. म्हणून वाळू मोजणारे सेन्सर लावून, खरवड सोसण्याइतकीच विहीर उघडतात. मागणी त्यासाठी थांबत नाही: २०१८ पासून बांगलादेश महेशखालीजवळच्या तरंगत्या टर्मिनलवर बोटीने द्रवरूप वायू आणतो, आणि तो घरच्या वायूच्या कितीतरी पट महाग पडतो.