गाभणकाळाची नोंद व तपासणी (मराठवाडा)

जनावर फळल्यापासून (वळू, रेडा वा बोकड लागल्यापासून किंवा कृत्रिम रेतन झाल्यापासून) विईपर्यंत गर्भ ठरला का, किती महिन्यांचा आहे आणि वेत (विण्याची वेळ) कधी येणार, याचा माग ठेवण्याची रीत. मराठवाड्यात तिचा संबंध मुख्यतः देवणी व लाल कंधारी गाय, मराठवाडी म्हैस आणि उस्मानाबादी शेळीशी येतो.

गाभणकाळ सरासरी असा : गाय 280 दिवस, म्हैस 310, शेळी 150. गोठ्यात हेच ‘नऊ महिने नऊ दिवस’, ‘दहा महिने दहा दिवस’ असे बोलले जाते. सणांवरून धरायचे तर पोळ्याला भरवलेली (म्हणजे फळवलेली) गाय वटपौर्णिमेच्या सुमारास विते आणि दसऱ्याला फळलेली शेळी होळीच्या दोन-चार दिवस आधी. मध्ये अधिक मास आला तर मात्र हा हिशेब महिनाभर फसतो. तारीख वहीत लिहिलेली बरी.

भरवल्यावर गाय-म्हैस साधारण 21 दिवसांनी पुन्हा माजावर आली, तर ती ‘उलटली’. न उलटल्यास गाभण धरण्याचा सर्रास प्रघात आहे, आणि खरी फसगत इथेच होते. दुष्काळी सालात ओली वैरण संपते, जनावर खंगते आणि माजच बंद पडतो. म्हशीचा मुका माज (बाहेर फारशी लक्षणे न दिसणारा) तर उन्हाळ्यात नजरेतून सहज सुटतो. अशी भाकड म्हैस गाभण समजून सहा-सात महिने पोसली जाते. विकतच्या कडब्यावर हा खर्च लहान शेतकऱ्याला परवडणारा नाही.

म्हणून दोन ते तीन महिन्यांनी डॉक्टरकडून तपासणी करून घेतात. डॉक्टर खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवून आधी शेण काढतो, मग गुदाशयातून गर्भाशय चाचपतो. गाभण असल्यास गर्भाशयाच्या दोन शिंगांपैकी एक जाड लागते आणि आत पाणी थुलथुलते. चौथ्या महिन्याच्या सुमारास वारेची (गर्भाला पोसणाऱ्या आवरणाची) बोंडे बोटांना लागतात, गर्भाशयाच्या मोठ्या रक्तवाहिनीत थरथर जाणवते. सोनोग्राफीने महिन्याभरातच निदान होते. शेळीत हात घालता येत नाही, तिथे पोटावरून सोनोग्राफी हा भरवशाचा मार्ग. परभणी व उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत.

लातूर जिल्ह्यातील हळीसारख्या जनावरांच्या बाजारात गिऱ्हाईक गाभण गाईच्या उजव्या कुशीत मूठ दाबून वासराचा धक्का बघते. डावीकडे पोटाची मोठी पिशवी असल्याने वासरू उजवीकडेच लागते. सहा-सात महिन्यांनंतर ही परीक्षा बरी. त्याआधी ती विकणाऱ्याच्या सोयीची.

विण्याआधी दोन महिने दूध आटवतात. दिवस भरत आले की कास उतरते, सडांत चीक येतो, शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना खळगे पडतात. सहाव्या महिन्यानंतर गर्भ पडल्यास सांसर्गिक गर्भपाताचा (ब्रुसेलोसिस) संशय घ्यावा. हा रोग माणसालाही होतो, तेव्हा पडलेला गर्भ व वार उघड्या हाताने उचलू नये, खोल पुरावी.

कुत्रीचा काळ सुमारे 63 दिवसांचा. तिच्यात खोटे गर्भारपण वारंवार दिसते. आचळे भरतात, दूधही येते. त्यामुळे पंचविसाव्या दिवसानंतर सोनोग्राफी आणि पिल्ले मोजायची तर 45 दिवसांनंतर एक्स-रे काढतात. विण्याच्या आदल्या दिवशी तिचे तापमान सुमारे एक अंश सेल्सिअसने उतरते. घरी थर्मामीटर असेल तर ही खूण उपयोगी पडते.