पिवळ्या बोल्टची पार्श्वभूमी: झिंक, क्रोमियम आणि एका शब्दाचा गुंता

भोसरी किंवा चाकण परिसरातील वाहन-सुटे भागांच्या कारखान्यांत आजही असे ड्रॉईंग हाती येते, ज्याच्या कोपऱ्यात 'झिंक प्लेटेड, यलो पॅसिव्हेटेड' (म्हणजे जस्ताचा मुलामा आणि त्यावर पिवळा संरक्षक थर) एवढीच नोंद असते. बोल्ट ८.८ या ताकदीच्या दर्जाचा आहे की त्याहून मजबूत १०.९ चा, हे त्याच्या डोक्यावर कोरलेले असते. लेपाचे मात्र तसे नाही. ही नोंद वाचून डिझाइन विभाग, खरेदी विभाग आणि प्लेटिंग करणारा जॉबवर्कवाला हे तिघे तीन वेगवेगळे लेप गृहीत धरू शकतात, आणि त्या गोंधळाचे मूळ गेल्या २५ वर्षांत आहे.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. फॉस्फेट आणि तेल हा जुना, स्वस्त आणि आजही टिकून असलेला उपाय. ज्या ठिकाणी गंजापासून अधिक संरक्षण हवे तेथे कॅडमियम वापरले जाई, कारण त्याने आटे सहज फिरत आणि टॉर्क (बोल्ट आवळताना दिलेला पीळ) भरवशाचा मिळे. परंतु कॅडमियमच्या विषारीपणाबद्दल शंका उरली नाही. जपानमधील जिन्झू नदीच्या खोऱ्यातला 'इताई-इताई' हा आजार कॅडमियममुळेच झाल्याचे तेथील सरकारने १९६८ मध्ये मान्य केले. वाहनांच्या बोल्टवर पुढे झिंकने जम बसवला. साठच्या दशकात पिंपरी-चिंचवड परिसरात वाहन उद्योग वाढू लागला आणि त्याच्या आधाराने प्लेटिंगची छोटी युनिट्सही उभी राहिली. तेथे झिंकच्या बॅरलमधून (फिरत्या पिंपातून) निघालेला माल क्रोमेटच्या, म्हणजे क्रोमियमच्या संयुगाच्या, बाथमध्ये बुडवणे हा नित्याचा क्रम होता.

या क्रोमेटचा पिवळा रंग म्हणजे सजावट नव्हती. साधारण ८ मायक्रॉन झिंकवर एक मायक्रॉनपेक्षाही पातळ असा जो थर बसे, त्यात हेक्झाव्हॅलंट (सहा संयुजेचे) क्रोमियम असे, आणि थराची जाडी रंगावरून कळे: निळसर म्हणजे पातळ, पिवळा म्हणजे त्याहून जाड, ऑलिव्ह म्हणजे आणखी जाड. ओरखडा पडला तर थरातले विरघळणारे क्रोमियम दमट हवेत त्या जागी सरकून झिंकला पुन्हा झाकत असे. म्हणजे पिवळा रंग हा रासायनिक पुरावाच होता आणि तपासनिसाला डोळे पुरेसे होते.

सप्टेंबर २००० मध्ये आयुष्य संपलेल्या वाहनांबाबतचा युरोपीय कायदा मंजूर झाला आणि हा पुरावा मोडीत निघाला. हेक्झाव्हॅलंट क्रोमियम कर्करोगकारक आहे, प्लेटिंगच्या टाकीजवळ उभ्या राहणाऱ्या कामगाराला त्याचा धोका सर्वाधिक आहे, त्यामुळे ते काढणे योग्यच होते. येथे त्याबद्दल दुमत नाही. वाद झाला तो ते कसे काढायचे यावर. प्रारंभी गंजरोधक लेपांसाठी प्रत्येक वाहनामागे २ ग्रॅमची मुभा देण्यात आली. एका वाहनात हजारो स्क्रू, क्लिप आणि ब्रॅकेट असतात व ते अनेक पुरवठादारांकडून येतात, तेव्हा कोणाच्या वाट्याला किती मिलिग्रॅम हे ठरवणार कोण? हा हिशेब कोणालाच जमण्याजोगा नव्हता. अखेरीस मुभेऐवजी मुदत आली: सर्वसाधारण लेपांसाठी १ जुलै २००७ आणि चॅसिसच्या नट-बोल्टसाठी १ जुलै २००८. त्यानंतर एकसंध पदार्थात वजनाने ०.१ टक्के ही मर्यादा उरली.

पुण्यात याचा भार आधी निर्यातीचे आणि परदेशी मॉडेलचे भाग करणाऱ्यांवर पडला. स्थानिक मालासाठी जुना बाथ आणि निर्यातीसाठी ट्रायव्हॅलंट (तीन संयुजेच्या, कमी घातक क्रोमियमचा) बाथ अशा दोन रांगा छोट्या युनिटला चालवाव्या लागल्या आणि एका टाकीतले पाणी दुसरीत गेले तर अख्खा लॉट नापास होण्याची भीती असे. नव्या बाथचा पीएच, तापमान आणि त्यात साठत जाणारे लोह यांवर पूर्वीपेक्षा फार काटेकोर लक्ष ठेवावे लागे. हा खर्च जॉबवर्कच्या दरात सहजासहजी मान्य होत नसे, हे या इतिहासात ठळकपणे नोंदवले पाहिजे.

खरा गुंता मात्र 'पॅसिव्हेशन' या शब्दाचा झाला. स्टेनलेस स्टीलच्या बाबतीत हा शब्द नायट्रिक किंवा सायट्रिक ॲसिडने पृष्ठभागावरचे मोकळे लोह काढून टाकण्यासाठी वापरला जातो. झिंकच्या बाबतीत तो वरच्या रूपांतरित थरासाठी वापरला जातो. पूर्वी या थराला सरळ 'क्रोमेटिंग' म्हणत. ट्रायव्हॅलंट आल्यावर दोन्हींत फरक करण्यासाठी 'पॅसिव्हेशन' रूढ झाले, परंतु जुन्या ड्रॉईंगवर हाच शब्द हेक्झाव्हॅलंटसाठीही लिहिलेला होता. त्यातच ट्रायव्हॅलंट थर मूळचा निळसर किंवा फिकट इंद्रधनुषी असल्याने, ग्राहकाला सवयीचा पिवळा दिसावा म्हणून बाथमध्ये रंगद्रव्य मिसळले जाऊ लागले. लेखकाच्या मते ही या संक्रमणातली सर्वांत चुकीची सोय होती. ज्या रंगावरून हेक्झाव्हॅलंट क्रोमियम ओळखले जाई, तोच रंग आता ते नसतानाही दिसू लागला, आणि खात्रीसाठी डायफेनिलकार्बाझाइडची चाचणी करून द्रावण जांभळे होते का हे पाहणे भाग पडले.

दुसरा परिणाम असेम्ब्ली लाइनवर दिसला. बोल्टला दिलेल्या टॉर्कपैकी ढोबळमानाने ५० टक्के डोक्याखालच्या आणि ४० टक्के आट्यांतल्या घर्षणात खर्च होतो. प्रत्यक्ष आवळ निर्माण करायला जेमतेम १० टक्के उरतो. लेप बदलून घर्षणांक ०.१२ चा ०.१८ झाला, तर त्याच टॉर्कला बोल्टमधला ताण जवळजवळ ३० टक्क्यांनी घटतो. लेपाचा बदल हा केवळ रंगाचा बदल समजून टॉर्क तसाच ठेवला, तर जोड सैल राहू शकतो. म्हणूनच ट्रायव्हॅलंट थरावर वंगणयुक्त सीलर आणि टॉप कोट देण्याची पद्धत रुजली. एका बाबतीत नवा थर उजवा ठरला: जुना पिवळा थर सुमारे ७० अंश सेल्सिअसच्या पुढे सुकून तडकत असे, तर चांगला ट्रायव्हॅलंट थर इंजिनाजवळची उष्णता बरीच अधिक सोसतो.

१०.९ आणि विशेषतः १२.९ दर्जाच्या बोल्टसाठी प्रश्न क्रोमियमपुरता नव्हता. ॲसिड पिकलिंग (ॲसिडने पृष्ठभाग साफ करणे) आणि इलेक्ट्रोप्लेटिंगमध्ये कठीण पोलादात हायड्रोजन शिरतो आणि आवळलेला बोल्ट काही तासांनी वा दिवसांनी अचानक तुटू शकतो. बेकिंग करूनही (हायड्रोजन निघावा म्हणून बोल्ट तापवूनही) धोका पूर्ण जातोच असे नाही. त्यामुळे वीज न वापरता बुडवून, फिरवून आणि भट्टीत भाजून दिलेला झिंक फ्लेकचा (जस्ताच्या बारीक पापुद्र्यांचा) लेप पुढे आला. मात्र त्याच्या जुन्या प्रकारांतही हेक्झाव्हॅलंट क्रोमियम होतेच, म्हणून तेथेही क्रोमियममुक्त आवृत्ती आणावी लागली. १२ ते १६ टक्के निकेल असलेला झिंक-निकेल लेप आज अनेक ठिकाणी मागितला जातो, परंतु त्याच्या बाथमधले धातूला धरून ठेवणारे घटक सांडपाण्यातून निकेल वेगळे करणे अवघड करतात. पवना आणि इंद्रायणीच्या काठी वसलेल्या औद्योगिक पट्ट्यात ही बाब गौण मानता येणार नाही.

आता प्रश्न कोबाल्टचा आहे. जाड ट्रायव्हॅलंट थराला गंजरोधकता आणि उष्णतेत टिकाव मिळावा म्हणून त्यात कोबाल्टचे क्षार घालतात, आणि हे क्षारही कर्करोगकारक म्हणून वर्गीकृत आहेत. कोबाल्टमुक्त बाथ उपलब्ध आहेत. त्यांतून निघालेल्या बोल्टचा घर्षणांक आणि सॉल्ट स्प्रेमधले (मिठाच्या फवाऱ्यातल्या गंज-चाचणीतले) तास पुन्हा मोजावे लागतील, आणि त्या मोजणीचा खर्च ड्रॉईंग काढणाऱ्याने उचलायचा की प्लेटिंग करणाऱ्याने, हे यावेळी आधी ठरवावे लागेल.