दक्षिण आफ्रिकेचा ध्वज : रंग सहा, अधिकृत अर्थ एकही नाही

हिरवा म्हणजे शेती, सोनेरी म्हणजे खाणी, निळा म्हणजे समुद्र, लाल म्हणजे सांडलेलं रक्त. दक्षिण आफ्रिकेच्या ध्वजाबद्दल असे तयार तक्ते सगळीकडे सापडतात. तिथल्या सरकारने मात्र यातलं काहीही मान्य केलेलं नाही. रंगांना एकच एक सर्वमान्य अर्थ जोडता येत नाही, अशी त्यांची अधिकृत भूमिका आहे. ही टाळाटाळ नव्हे. आधीच्या ध्वजाचं काय झालं ते पाहिलं की या भूमिकेचं कारण कळतं.

तो आधीचा ध्वज ३१ मे १९२८ रोजी फडकला. नारिंगी, पांढरा, निळा असे तीन आडवे पट्टे, म्हणजे जुना डच ‘प्रिन्स’ ध्वज. १९२६-२७ मध्ये त्यावरून मोठं रण माजलं होतं. ब्रिटिश वंशाच्या गोऱ्यांना युनियन जॅक हवा होता, आफ्रिकानर म्हणजे मुख्यतः डच वंशाच्या (बोअर) राष्ट्रवाद्यांना तो डोळ्यासमोरही नको होता, आणि नाताळ प्रांतात तर संघातून फुटून निघण्याची भाषा सुरू झाली. अखेर पांढऱ्या पट्ट्यात मधोमध तीन चिमुकले ध्वज बसवले: युनियन जॅक, आणि ऑरेंज फ्री स्टेट व ट्रान्सवाल या जुन्या बोअर प्रजासत्ताकांचे. त्यातल्या ऑरेंज फ्री स्टेटच्या ध्वजाच्या कोपऱ्यात पुन्हा डच ध्वज आहेच! तडजोड झाली ती दोन गोऱ्या गटांमध्ये. देशातल्या बहुसंख्य कृष्णवर्णीयांना कुणी विचारलंही नाही. पुढे वर्णभेदाच्या राजवटीने हाच ध्वज मिरवला.

ही राजवट संपत आली तेव्हा, १९९३ मध्ये, नव्या ध्वजासाठी जनतेकडून नमुने मागवले तेव्हा सात हजारांहून जास्त आले. एकही सगळ्यांच्या पसंतीला उतरला नाही. व्यावसायिक डिझाइन संस्थांनाही जमलं नाही. सगळ्या वर्णांना मतदान असलेली पहिली निवडणूक तर एप्रिल १९९४ मध्ये ठरलेली. फेब्रुवारीत हे काम आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे सिरिल रामाफोसा आणि तेव्हा सत्तेत असलेल्या नॅशनल पार्टीचे रोल्फ मेयर या दोन मुख्य वाटाघाटीकारांवर सोपवलं गेलं. राज्याची चिन्हं आणि मुद्रा यांचं खातं सांभाळणारे फ्रेडरिक ब्राउनेल यांचा आराखडा पुढे आला. त्याचं पहिलं रेखाटन त्यांनी १९९३ मध्ये झुरिकला ध्वजशास्त्राच्या परिषदेत बसल्या बसल्या केलं होतं. १५ मार्च १९९४ ला निवडणुकीपर्यंत कारभारावर देखरेख करणाऱ्या संक्रमणकालीन कार्यकारी परिषदेने तो मंजूर केला आणि २७ एप्रिलला, मतदानाच्या दिवशी, तो चढला. मधे जेमतेम सहा आठवडे.

तेव्हा तो तात्पुरताच होता. पाच वर्षांनी पुन्हा विचार करू, असं ठरलं होतं. शिवाय सुरुवातीला बऱ्याच जणांना तो आवडलाही नाही. जून १९९५ च्या रग्बी विश्वचषकात स्टेडियम या ध्वजांनी भरून गेलं, त्यानंतर वाद मावळला. १९९६ च्या संविधानाच्या पहिल्या परिशिष्टात त्याचं वर्णन कायमचं नोंदवलं गेलं.

रंग आले कुठून, हे मात्र सरळ दिसतं. काळा, हिरवा, सोनेरी हे आफ्रिकन नॅशनल काँग्रेससह मुक्तिचळवळींच्या ध्वजांतले. लाल, पांढरा, निळा हे ब्रिटिश आणि बोअर ध्वजांतले. लाल छटा ‘चिली रेड’ घेतली, कारण ती ब्रिटिश लाल आणि डच नारिंगी यांच्या मधली आहे. १९२८ मध्ये ध्वज शेजारी शेजारी चिकटवले होते, इथे ते विरघळवले. दोन वाटा एकत्र येऊन पुढे एकच होते, हे सांगायचं काम रंगांवर न टाकता आडव्या Y सारख्या हिरव्या पट्ट्याच्या आकाराकडे दिलं, हीच या आराखड्यातली खरी हुशारी.

तो आकार काढताना मात्र भलेभले चुकतात. ९० × १३५ सेंटिमीटरचा ध्वज घ्या (प्रमाण २:३). मोकळ्या, म्हणजे काठीच्या विरुद्ध बाजूच्या कडेवर वरून खाली मापं अशी: लाल ३०, पांढरी किनार ६, हिरवा १८, पांढरी ६, निळा ३०. हिरव्या पट्ट्याची मध्यरेषा काठीकडच्या दोन्ही कोपऱ्यांतून निघते, ध्वजाच्या केंद्रात मिळते आणि आडवी पुढे जाते. नेहमीची चूक म्हणजे हिरव्याची कड कोपऱ्याला लावणं. कोपऱ्यात पट्ट्याचा मध्य यायला हवा, त्यामुळे तिथे तो कापला जातो. सोनेरी किनार फक्त आतल्या बाजूला, काळ्या त्रिकोणालगत, तीही ६ सेंटिमीटर. पण हे माप तिरक्या रेषेला काटकोनात धरायचं. काठीच्या कडेवर उभं मोजून ६ ठेवलं तर किनार बारीक पडते. सगळं नीट जमलं, तर काळ्या त्रिकोणाचा पाया ९० नव्हे, सुमारे ५४ सेंटिमीटर येतो आणि टोक काठीपासून साधारण ४०.५ वर. लाल पट्टा वरच्या कडेवर काठीपासून २७ सेंटिमीटरवर सुरू होतो, आणि त्याचा खालचा कोपरा ध्वजाच्या उभ्या मध्यरेषेवर नसून तिच्या साडेचार सेंटिमीटर पुढे, ७२ वर असतो.

लावताना लाल वर. भिंतीवर उभा टांगायचा असेल तर काठीची बाजू वर आणि लाल पट्टा पाहणाऱ्याच्या डावीकडे. ध्वज नुसता फिरवला की लाल उजवीकडे जातो; त्यासाठी तो उलटून मागची बाजू पुढे घ्यावी लागते. टेबलावर अंथरायला, पुतळ्याच्या अनावरणाला झाकण म्हणून किंवा शर्यतीला सुरुवातीचा इशारा द्यायला तो वापरायचा नाही, असंही नियमांत आहे.

जुन्या ध्वजाचं प्रकरण पुढे न्यायालयात गेलं. ऑगस्ट २०१९ मध्ये जोहान्सबर्गच्या समानता न्यायालयाने त्याचं निष्कारण प्रदर्शन हे द्वेषमूलक वर्तन ठरवलं. कला, अभ्यास आणि सार्वजनिक हिताची पत्रकारिता यांना त्यातून सूट आहे, आणि संग्रहालयात तो ठेवता येतो. २०२३ मध्ये सर्वोच्च अपील न्यायालयानेही मूळ निष्कर्ष उचलून धरला.