साधा झिगझॅग आणि तीन टाक्यांचा झिगझॅग: डायलवरच्या दोन करवती

नवीन शिलाई मशीन घरी आलं की पहिले काही दिवस नुसती सरळ टीपच मारली जाते. मग कधीतरी धीर करून डायल फिरवतो, तर तिथे टाक्यांच्या चित्रांत करवतीच्या दातांसारख्या दोन रेघा, म्हणजे दोन करवती दिसतात. एक अखंड रेघेची, दुसरी तुटक रेघेची. मला वाटलं होतं, छपाईतलाच काहीतरी फरक असेल. पुढे दोन वर्षं मी सगळं अखंड करवतीवर शिवलं आणि मुलीच्या पायजम्यांचं इलास्टिक दोरीसारखं वळतं म्हणून इलास्टिकवाल्याला नावं ठेवली.

अखंड करवत म्हणजे साधा झिगझॅग. सुई एकदा डावीकडे टोचते, एकदा उजवीकडे, मधे काही नाही. तुटक करवत म्हणजे तीन टाक्यांचा झिगझॅग. डावीकडून उजवीकडे जाताना सुई छोटे छोटे तीन टाके घालत जाते, परततानाही तीन. एक गडी ओढा उडी मारून ओलांडतो, दुसरा दगडांवर पाय देत जातो.

मधल्या दोन टोचण्यांनी एवढं काय बिघडतं, ते मोजून बघा. रुंदी (सुई आडवी किती जाते) ५ मिमी आणि लांबी (दर टोचणीला कापड किती सरकतं) २ मिमी ठेवून साधा झिगझॅग मारला, तर प्रत्येक तिरका टाका साधारण साडेपाच मिमीचा पडतो. एवढा धागा कापडावर मोकळाच पडलेला. तो टेन्शनमध्ये असतो, त्यामुळे दोन्ही टोकं एकमेकांकडे ओढतो. कापड जाड असेल तर सोसतं, पातळ असेल तर मधेच उचललं जाऊन त्याची नळी होते. आता तीन टाक्यांवर या, रुंदी तीच ५, लांबी १. तिरकी रेघ पुन्हा पावणेसहा मिमीच्या आसपास, पण तिचे तीन तुकडे झालेले, प्रत्येक तुकडा दोन मिमीच्याही आत. धागा ठिकठिकाणी कापडाला खिळलेला असतो. ओढायला जागाच उरत नाही.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर ब्लाउजच्या टू बाय टू रुबियाची चिंधी घ्या. एकेरी कापडाच्या कडेवर आधी साधा झिगझॅग, रुंदी पूर्ण. कड आत गुंडाळून शेवग्याच्या शेंगेसारखी गोल होईल. शेजारच्या कडेवर तीन टाक्यांचा मारा. कड सपाट राहील, इस्त्री न करताही. ब्लाउजच्या आतल्या कडांचे दोरे निघू नयेत म्हणून आपण झिगझॅग मारतो तेव्हा हा फरक थेट काखेत टोचतो. म्हणून रुबिया, मलमल, व्हॉइल अशा पातळ कापडांना मी तीन टाक्यांचाच वापरते. डेनिम किंवा जाड खादीच्या कडेला साधा पुरतो, वेळही कमी लागतो.

(शिंपी ज्याला ‘इंटरलॉक’ म्हणतात ते या दोन्हींतलं नव्हे. ते वेगळं मशीन असतं. त्यात बहुधा तीन किंवा चार दोरे असतात आणि शिवता शिवता सुरी कड कापत जाते. घरच्या मशीनवर त्याच्या जवळपास जाता येतं, बरोबरी होत नाही.)

इलास्टिकच्या बाबतीत तर मी साध्या झिगझॅगचं नावही काढत नाही. इलास्टिकचे आणि कमरेचे चार चार सारखे भाग करायचे, खुणेला खूण जुळवून टाचण्या लावायच्या. मग दोन टाचण्यांमधलं इलास्टिक कापडाच्या लांबीएवढं ताणत शिवायचं. रुंदी पूर्ण, लांबी १ ते १.५. एक हात पुढे, एक मागे, पण मागच्या हाताने ओढायचं नाही, फक्त धरायचं. ओढलं की सुई वाकते, प्लेटवर आपटते आणि तुकडा कुठे उडाला ते शोधत बसावं लागतं. ताण सोडला की इलास्टिक आक्रसतं, त्याबरोबर टाकेही जवळ येतात. पुन्हा ताणलं की ते उलगडतात, तुटत नाहीत. धागे लांब मोकळे नसल्याने पोरांच्या नखांत, अंगठ्यांत अडकत नाहीत. चादरीच्या चार कोपऱ्यांना इलास्टिक लावून ती गादीवर घट्ट बसवायची असेल तरी हीच पद्धत.

मग साधा झिगझॅग कशाला? मला तर वाटतं खरी कारागिरी त्याच्यातच आहे.

साडीचा पिको घ्या. दुकानातलं पिकोचं मशीन मुळात झिगझॅगचंच. घरी करायचा तर रुंदी दोन-अडीच आणि लांबी अर्ध्या मिमीच्या आसपास ठेवायची. सुई डावीकडे कापडात पडली पाहिजे आणि उजवीकडे कडेच्या अगदी बाहेर, हवेत. तिथे कापडाचा अडथळा नसल्याने धागा कड आत ओढून घेतो आणि तिच्याभोवती गुंडाळतो. म्हणजे रुबियावर जी ओढ नकोशी झाली होती, तीच इथे हवी असते. मी एकदा शिफॉनच्या ओढणीला हौसेने तीन टाक्यांवर पिको करायला गेले. कड गुंडाळलीच नाही, नुसती भोकं भोकं पडली आणि पहिल्या धुण्यात तिला झालर फुटली.

काजाचंही तेच. काजाच्या दोन्ही बाजू म्हणजे अरुंद आणि दाट साधा झिगझॅग, टाक्याला टाका चिकटलेला. कापडाच्या फुलपाखराचं ॲप्लिक झग्यावर लावायचं, नावाची अक्षरं भरायची, कापडावर लेस बसवायची, सगळीकडे साधाच. फक्त दाट काम करताना वरच्या धाग्याचं टेन्शन, म्हणजे ताण, थोडं कमी करा आणि पातळ कापडाखाली कागद ठेवा. मग नळी होत नाही आणि कागद नंतर फाडून काढता येतो.

तिसरं काम आहे टी-शर्टच्या कापडाची शिलाई. होजियरीवर सरळ टीप मारली की ताणल्यावर कडकन तुटते. तिथे रुंदी अर्धा ते एक मिमी, लांबी अडीच, एवढा बारीक साधा झिगझॅग ठेवायचा. दुरून सरळ टीपच वाटते, पण ताण सोसते. तीन टाक्यांचा इथे फार पसरट होतो, शिलाई उघडली की टाके दिसतात. सुई बोथट टोकाची, म्हणजे बॉलपॉइंट हवी, नाहीतर टाके सुटतात.

सगळ्यांची चूक होते ती लांबीच्या डायलवर. तो आकडा दर टोचणीला कापड किती सरकतं ते सांगतो. साध्या झिगझॅगसाठी २ ठेवलं आणि न बदलता तीन टाक्यांवर गेलात तर एकेक तिरकी रेघ सहा मिमी पुढे पळते. करवतीचे दात आडवे पडून लाट होते आणि ‘हा टाका काही कामाचा नाही’ असा शेरा मारून आपण परत साध्यावर येतो. टाका बदलला की लांबी निम्मी करायची.

दोन्हींना लागू असलेली एक गोष्ट. झिगझॅगच्या फुटला (सुईखाली कापड दाबून धरणाऱ्या पट्टीला) आडवं रुंद भोक असतं, सरळ टिपेच्या फुटला छोटं गोल. गोल भोकाच्या फुटवर कोणताही झिगझॅग लावलात तर सुई गेलीच. पहिले दोन-चार टाके पायाने नको, चाक हाताने फिरवून बघा.

झिगझॅग टाक्याचं मशीन काही काल-परवाचं नाही. अमेरिकेत हेलन ब्लँचर्ड यांनी १८७३ साली त्याचं पेटंट घेतलं होतं. आपल्याकडच्या आजीच्या काळ्या मशीनला मात्र सरळ टीपच येते, कारण त्याची सुई बाजूला हलतच नाही. त्यावर जोडायची झिगझॅगची अटॅचमेंट मिळते, ती सुईऐवजी कापडालाच डावं-उजवं हलवते. त्यात काम निभतं, तीन टाक्यांची नजाकत नाही.

उसवायची वेळ आली तर साधा झिगझॅग सोपा. उलट्या बाजूने दर चार टाक्यांवर कापायचं, सुलट बाजूचा धागा ओढायचा, सुटून येतो. तीन टाक्यांचा, तोही इलास्टिकवरचा, उसवायला बसलात तर दुपार गेली म्हणून समजा, आणि शेवटी इलास्टिकही चाळणी झालेलं असतं. मी उसवत नाही. ती पट्टी कात्रीने कापून टाकते आणि नवीन इलास्टिक लावते.