नोव्हिशिएट

कॅथलिक धर्मसंघात व्रते घेण्यापूर्वी उमेदवाराला ज्या प्रशिक्षणातून जावे लागते, त्या काळाला नोव्हिशिएट म्हणतात आणि उमेदवाराला नोव्हिस. तो संघाच्याच घरात राहतो, तिथली दिनचर्या पाळतो, पण दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन या व्रतांनी अजून बांधलेला नसतो.

हा काळ शिकवण्याइतकाच पारखण्याचा आहे. संत बेनेडिक्टच्या सहाव्या शतकातील नियमावलीचे ५८वे प्रकरण याबाबत बरेच कठोर आहे. दारात आलेल्याला लगेच आत घ्यायचे नाही. चार-पाच दिवस हिडीसफिडीस सोसूनही तो हटला नाही, तरच प्रवेश. मग आधी दोन महिन्यांनी, नंतर सहा आणि शेवटी चार महिन्यांनी त्याला सगळी नियमावली वाचून दाखवायची. झेपत असेल तर राहा, नाहीतर खुशाल जा, असे बजावायचे. व्रतग्रहणाच्या वेळी उतरवलेले त्याचे जुने कपडेही टाकायचे नाहीत, जपून ठेवायचे. पुढे कधी तो मठ सोडून निघालाच, तर तेच घालून त्याला पाठवायचे. माणसाचा निश्चय डळमळू शकतो, हे इतक्या व्यवहारी रीतीने धरून चालणारा नियम विरळाच.

मात्र सगळीकडे अशी शिस्त नव्हती. फ्रान्सिस्कन संघाला वर्षभराचे नोव्हिशिएट १२२० मध्ये पोप तिसरे होनोरियस यांच्या आदेशाने लागू झाले. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये एक वर्षाची अट सर्व संघांना घातली.

सध्या १९८३ची धर्मसंहिता लागू आहे. तिच्यानुसार वयाची १७ वर्षे पूर्ण असावी लागतात. विवाहबंधन कायम असलेल्याला किंवा जबरदस्तीने, फसवून आणलेल्याला दिलेला प्रवेश अवैध ठरतो. कर्ज फेडू न शकणाऱ्यालाही घेता येत नाही. देणेकऱ्यांना मठाची भिंत आड येऊ नये, हा त्यातला हेतू उघड आहे. मुदत किमान १२ महिने, कमाल दोन वर्षे. पंधरा दिवसांहून जास्त गैरहजेरी भरून काढावी लागते आणि ती तीन महिन्यांवर गेली, मग सलग असो वा तुटक, तर सगळे नोव्हिशिएटच बाद होते. या काळात प्रशिक्षणाशी थेट संबंध नसलेला अभ्यास किंवा काम नोव्हिसावर लादायचे नसते.

जेझुइटांचे नोव्हिशिएट दोन वर्षांचे असते. तीस दिवसांची आध्यात्मिक साधना, रुग्णालयातील सेवा, पैशाविना तीर्थयात्रा, घरातील हलकी मानली जाणारी कामे अशा कसोट्या त्यांच्या संस्थापकाने, इग्नेशियस लॉयोला यांनी, घालून दिल्या.

नोव्हिस केव्हाही सोडून जाऊ शकतो आणि संघही त्याला घरी पाठवू शकतो. शंका उरली तर मुदत जास्तीत जास्त सहा महिन्यांनी वाढते. उत्तीर्ण झालेल्यालाही आजन्म व्रते लगेच मिळत नाहीत. आधी साधारण तीन ते सहा वर्षांची तात्पुरती व्रते घ्यावी लागतात.

बौद्ध संघातील श्रामणेराशी, म्हणजे पूर्ण भिक्षू होण्याआधीच्या दीक्षिताशी, नोव्हिसाची तुलना नेहमी होते, पण ती जपून करावी. श्रामणेर दहा शीले घेऊन प्रव्रजित झालेला, म्हणजे घर सोडून संघात आलेला असतो आणि उपसंपदेसाठी, म्हणजे भिक्षुपदाच्या पूर्ण दीक्षेसाठी, वयाची वीस वर्षे पूर्ण होण्याची वाट पाहत असतो. नोव्हिसाने अजून कोणतेच व्रत घेतलेले नसते.